जिमखाना फी, जीएस आणि रिकामी खुर्ची

भाची यंदा एफवायला गेली. घर कुडाळ तालुक्यात, कॉलेज एसटीने पाऊण तासावर. ॲडमिशन झाल्यावर तिने फीच्या पावतीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एकच ओळ टाकली, "मामा, ही जिमखाना फी कित्याक घेतत? आमच्या कॉलेजात जिमखानोच नाय हा."

पावती मोठी करून पाहिली. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, नियतकालिक, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, विद्यापीठाचं क्रीडा व सांस्कृतिक शुल्क, आपत्ती निधी, गट विमा... ओळी संपेनात. काही रकमा इतक्या बारीक की तेवढ्यात स्टँडवरचा वडापावही यायचा नाही. पण तीच रक्कम कॉलेजातल्या सगळ्या पोरांनी गुणली की चांगलं बाळसं धरते. या पैशांचं पुढे काय होतं, हे विचारायचा हक्क कोणाचा?

मी म्हटलं, "तुमच्या जीएसला विचार."

"जीएस म्हणजे? तो गॅदरिंगाक माईक धरता तो?"

तिचा दोष नाही. जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, तिने पाहिलाय तो तेवढाच. तेव्हा तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्याच पावत्या खिशात घेऊन कॉलेजला जाणाऱ्या पोरांसाठी, हे जरा नीट सांगतो.

आधी नावांचा घोळ सोडवू, कारण या विषयातला निम्मा गोंधळ नावांचाच आहे. विद्यार्थी संघटना वेगळी आणि विद्यार्थी परिषद वेगळी. १९४९ ची अभाविप (अखिल भारतीय विद्यार्थी परिषद), १९७० ची एसएफआय, १९७१ ची एनएसयूआय, झालंच तर वेगवेगळ्या पक्षांच्या युवा आणि विद्यार्थी शाखा, या सगळ्या संघटना. वाटलं तर सभासद व्हा, नाही तर नका होऊ. त्यांचं अंगण कुठल्या ना कुठल्या विचाराचं किंवा पक्षाचं असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. विद्यार्थी परिषद मात्र कायद्याने बनते. तुम्ही प्रवेश घेतलात की तुम्ही तिचे झालात, मग राजकारणाची आवड असो वा नसो. गावच्या भाषेत सांगायचं तर संघटना म्हणजे पक्ष आणि परिषद म्हणजे ग्रामपंचायत. आता गंमत अशी की अभाविपच्या पूर्ण नावातच 'विद्यार्थी परिषद' आहे. त्यामुळे "तो परिषदेचं काम करतो" असं कोणी म्हणालं की तो कॉलेजच्या परिषदेवर आहे की अभाविपमध्ये, हे दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

आणि 'युनियन' म्हटलं तर कोकणात तिसरंच काही डोळ्यापुढे येतं. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांनी मुंबईच्या गिरणीत कार्ड पंच केलेलं. त्यांना युनियन म्हटल्यावर गेटवरची सभा आणि १९८२ चा संप आठवतो. त्या संपानंतर किती जण ट्रंका घेऊन गावी परतले ते घरोघरी माहीत आहे. म्हणूनच पोरगं कॉलेजात 'युनियनमध्ये' गेलं असं कानावर आलं की आजीचा जीव खालीवर होतो.

पण विद्यार्थी परिषद आणि कामगार युनियन यांत एक मूळचा फरक आहे. गिरणीत साचा थांबला की मालकाचं नुकसान व्हायचं, आणि त्या नुकसानीत कामगाराची ताकद होती. विद्यार्थ्याने वर्ग बंद पाडला तर बुडतं कोणाचं? त्याचंच. फार तर दोन दिवस आवाज होतो, तिसऱ्या दिवशी हजेरीचा प्रश्न येतो. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीकडे ताकद येते ती दोनच गोष्टींतून. वर्गात काय चाललंय याची जी खबर त्याच्याकडे असते ती प्राचार्यांकडे नसते, ही एक. आणि जिथे पैसा, वेळापत्रक आणि नियम ठरतात त्या टेबलाशी त्याला बसायला खुर्ची मिळते, ही दुसरी. नुसत्या खबरीची होते कुजबुज. आणि नुसती खुर्ची मिळालेला माणूस चहा पिऊन परत येतो. मी स्वतः एक वर्ष तसाच चहा पिऊन आलोय.

तेव्हा माझी निवडणूक झालीच नव्हती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली परिषद बनायची ती गुणपत्रिकेवरून. आदल्या वर्षी वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क, त्याला प्राचार्य वर्गप्रतिनिधी नेमायचे, म्हणजे सीआर. शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक या चार दालनांतून एकेक, दोन मुली, वर काही प्राध्यापक, आणि अध्यक्ष खुद्द प्राचार्य. यातली विद्यार्थी मंडळी आपल्यातून सचिव निवडायची. तो जीएस. कॉलेजच्या हजार पोरांतून पंधरा-वीस जणांनी निवडलेला.

एसवायच्या वर्षी असा मी सीआर झालो. मला पहिल्या बाकावर बसून वही भरता येत होती, चार माणसांत बोलता येत नव्हतं. वर्गात खरा पुढारी होता तो शेवटच्या बाकावर, त्याला दोन विषयांत केटी, म्हणजे ते विषय राहिलेले. त्याने एकदा वर्ग सोडून चला म्हटलं असतं तर सगळे उठले असते. मी म्हटलं असतं तर माझ्या शेजारचाही उठला नसता.

पहिली बैठक प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. विषयपत्रिकेवर पाच विषय. पहिला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, गॅदरिंग. त्यावर तास गेला: फिशपाँड ठेवायचे की नाही, साडी डे कोणत्या वारी, पाहुणे कोण. माझा विषय शेवटी होता, 'ऐनवेळचे विषय' या सदरात. तो असा की आमच्या प्रॅक्टिकलची दुसरी बॅच पाच वाजून गेल्यावर सुटायची आणि आमच्या बाजूला जाणारी गाडी पावणेपाचला निघून जायची. पुढची सव्वासातला. पावसाळ्यात सातला काळोख, फाट्यावर उतरून पुढे वाडीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर चाल, वहाळाला पाणी आलं तर आणखी वळसा. बॅचमधल्या मुली प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायच्या आणि जर्नलवर लाल शेरे खायच्या.

मी अर्ज लिहून नेला होता. 'मा. आगार व्यवस्थापक यांस' अशी सुरुवात, खाली एक्केचाळीस सह्या. सरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "एसटीचा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही." खोटं नव्हतं ते. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. वडा गार झाला होता, तो खाल्ला.

तेवढ्यात मुलींची प्रतिनिधी बोलली. तिने एसटीचं नावच घेतलं नाही. "सर, बॅच रोल नंबरने पाडतात ना? गावाने पाडल्या तर? लांबची मुलं सकाळच्या बॅचला, गावातली संध्याकाळच्या." खोलीत जरा शांतता झाली. विभागप्रमुखांना विचारायला लागेल, असं ठरलं. विभागप्रमुखांनी लॅब असिस्टंटला विचारलं, त्याला काहीच फरक पडत नव्हता. दिवाळीनंतर बॅच बदलल्या.

त्या मुलीने जे केलं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मी जो दरवाजा ठोठावत होतो तो त्या खोलीत नव्हताच. तिने त्या खोलीतल्या लोकांना जमेल अशी गोष्ट मागितली. आणि कोण कुठल्या वाडीतून येतं, फाट्यापासून किती चालतं, ही खबर तिच्याकडे होती, ऑफिसच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हती. चांगल्या प्रतिनिधीचं काम मी आजही तेवढ्याच प्रसंगावरून समजावतो.

कुठल्या कामाला कुठलं दार

परिषदेला काय करता येतं आणि काय नाही, हे एकदा स्वच्छ झालं की अर्धा राग निवळतो. मार्क वाढवणं तिच्या हातात नाही. शिष्यवृत्ती अडकली तर ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आणि समाजकल्याणच्या टेबलावर अडकलेली असते, परिषद फार तर कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पुढे का सरकला नाही हे विचारू शकते. आमच्याकडे सगळ्यात सलणारा प्रश्न म्हणजे प्राध्यापकच नसणं. जागा रिकामी, तासिका तत्त्वावरचे सर अर्ध्या वर्षात दुसरीकडे जातात. ती भरती परिषदेला करता येत नाही. पण 'या विषयाचे सत्रात इतकेच तास झाले' हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घेणं तिला करता येतं, आणि कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येते तेव्हा कागदावर असलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं. तोंडी गाऱ्हाण्याला कोणी उत्तर देत नाही. आपल्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात, ऑफिसात अर्ज द्यावा लागतो.

आता खुर्च्या कुठे कुठे आहेत ते बघू. सध्याचा कायदा आहे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, लागू झाला १ मार्च २०१७ पासून. त्यातलं कलम ९९ विद्यार्थी परिषदेचं. परिषदेचं काम कायद्याने थोडक्यात सांगितलंय: विद्यार्थ्यांच्या कल्याणाकडे लक्ष देणं आणि अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना चालना देणं, त्यांचा मेळ घालणं. एवढ्यावरून गॅदरिंगचीच आठवण होईल. पण खरी गंमत कलम ९७ मध्ये आहे. प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असायला हवी. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षक, कर्मचारी, बाहेरची जाणती माणसं, आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव. वर्षात किमान चार बैठका. ही समिती कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तयार करून संस्थेकडे मंजुरीसाठी धाडते, विकासाचा आराखडा करते, विद्यार्थ्यांच्या सोयींबद्दल सुचवते.

म्हणजे जिमखाना फी किती जमली आणि त्यातून चेंडू आले की नुसता कपाटाला रंग लागला, हे जिथे कागदावर असतं त्याच टेबलाशी दोन विद्यार्थ्यांच्या खुर्च्या आहेत. भाचीच्या प्रश्नाचं घर ते.

विद्यापीठाच्या पातळीवर अशाच दोन खुर्च्या आहेत सिनेटमध्ये, मराठीत अधिसभा. विद्यापीठाचं बजेट अधिसभेपुढे येतं. समाजाचं म्हणणं विद्यापीठाला ऐकवायचं ठिकाणही तेच. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य. अभ्यासक्रमाचे निर्णय विद्या परिषदेत होतात आणि रोजचा कारभार व्यवस्थापन परिषदेच्या हाती असतो. इथे 'परिषद' हा शब्द तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा आला, त्याला माझा इलाज नाही.

कोकणाची अडचण इथे सुरू होते. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याचा पसारा मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी धरून सिंधुदुर्गापर्यंत. कुडाळच्या पोराला मुंबईत कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात, बैठकीला जायचं म्हणजे संध्याकाळी कोकणकन्या पकडायची, जनरलच्या डब्यात दाराशी बसून रात्र काढायची, पहाटे दादरला उतरून तोंड धुवायचं आणि अकराच्या बैठकीत डोळे उघडे ठेवायचे. चर्चगेटचा प्रतिनिधी तोवर घरून नाश्ता करून आलेला असतो. रत्नागिरीत विद्यापीठाचा उपपरिसर आहे, त्याने कागदपत्रांची काही धावपळ वाचते. पण निर्णयाचं टेबल मुंबईतच. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून उठते ती यातूनच. (दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचा संसार निराळा. त्यांचे कायदे वेगळे, हा लेख त्यांना लावू नये.)

निवडणूक गेली, आली, आणि आलीच नाही

नव्या कायद्याने मार्कांची पद्धत मोडली. आता कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी, हे चौघे सगळ्या विद्यार्थ्यांच्या थेट मतदानातून यायचे. राखीव जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त आणि ओबीसी यांच्यात आळीपाळीने फिरणार. वर्गप्रतिनिधी त्या त्या वर्गाने निवडायचा. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून एकेक प्राचार्य नेमणार. मग सगळ्या कॉलेजांतले हे निवडून आलेले चौघे चौघे मिळून विद्यापीठाच्या परिषदेचे चौघे निवडणार. जिल्हा परिषदेसारखं थेट नाही, राज्यसभेसारखं वळणाने.

वळणाने का, असा प्रश्न येईल. दिल्लीच्या जेएनयूमध्ये सगळे विद्यार्थी एकाच आवारात, तिथे अध्यक्ष थेट निवडतात, निवडणूक आयोगही विद्यार्थ्यांचाच असतो, उमेदवारांची जाहीर चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगते. पण जे विद्यापीठ पालघरपासून दोडामार्गापर्यंत पसरलंय, तिथे थेट निवडणूक म्हणजे लोकसभेचा प्रचार. गाडी, पेट्रोल, बॅनर, कार्यकर्त्यांची जेवणं. तो खर्च विद्यार्थी करणार नाही, त्याच्यामागे उभा असलेला कोणी तरी करणार, आणि नंतर वसूलही करणार.

ही भीती हवेतली नव्हती. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या निवडणुका थेट व्हायच्या आणि त्यांत मारामाऱ्या व्हायच्या. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. १९९४ च्या कायद्याने निवडणूकच काढून घेतली, ती या पार्श्वभूमीवर. माझं स्वतःचं मत विचाराल तर ते औषध रोगापेक्षा भारी होतं. मारामारी थांबली, हे खरं. पण त्याबरोबर हजारो पोरांची सभेत उभं राहून बोलायची सवयही गेली, आणि पुढारी घडवायचं काम कॉलेजच्या फाटकाबाहेर, नाक्यावरच्या बॅनरखाली गेलं.

देशभरातला हाच पेच सुप्रीम कोर्टात गेला होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती बसली, तिने मे २००६ मध्ये अहवाल दिला आणि त्याच सप्टेंबरात कोर्टाने तो लागू करायला सांगितला. मधल्या ऑगस्टमध्येच उज्जैनच्या एका कॉलेजात निवडणुकीच्या वादात प्राध्यापक सभरवाल यांचा जीव गेला होता. लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचताना एक गोष्ट जाणवते: यांना निवडणूक बंद करायची नव्हती, ती लहान करायची होती. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत. छापील पोस्टर नको, हाताने काढलेली चालतील. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत आटपायचं. पदवीच्या विद्यार्थ्याचं वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के, विषय राहिलेला नसावा. पदाधिकारी म्हणून एकदाच लढता येईल. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब.

विषय राहिलेला नको, ही अट वाचली की मला शेवटच्या बाकावरचा तो आमचा केटीवाला आठवतो. कोणतीही पद्धत आणली तरी त्या बिचाऱ्याचा नंबर लागला नसताच.

महाराष्ट्राने नव्या कायद्याखालचे निवडणुकीचे नियम २०१८ मध्ये काढले. पॅनल नाही, पक्षाचं चिन्ह नाही, मिरवणूक आणि लाउडस्पीकर नाही. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुका होणार असं ठरलं. मग विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आणि त्या लांबल्या. नंतर कोरोना, कॉलेजंच बंद. तेव्हा जे लांबलं ते लांबतच गेलं. त्या वर्षी मतदान करायला सज्ज असलेली एफवायची मुलं कधीच पदव्या घेऊन कामाला लागली.

विरोधाभास असा की १९८९ पासून अठराव्या वर्षी लोकसभेला मत देता येतं. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, आणि आमच्याकडे तेवढ्या वयाची पोरं उभी राहतातही, निवडूनही येतात. पण सरपंचपदाला लायक असलेली मुलगी तिच्या कॉलेजात साडी डेच्या तारखेवरही मत देऊ शकत नाही.

इथे आणखी एक गैरसमज. "विद्यापीठाच्या निवडणुका तर मागेच झाल्या, पेपरात आलं होतं," असं लोक म्हणतात. ती सिनेटची, आणि तीही नोंदणीकृत पदवीधरांची. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठात झाली, दहापैकी दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. तिथे मतदार असतात पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि नाव नोंदवलेले लोक. मी आहे त्या यादीत, माझ्या भाचीला ती पदवीधर होईपर्यंत त्यात जागा नाही. आज जो वर्गात बसलाय त्याच्या दोन खुर्च्या वेगळ्या, त्या वर सांगितल्या त्या. त्या भरायच्या तर आधी परिषद निवडून यायला हवी.

खुर्ची रिकामी असल्याने काय बिघडतं, हे २०१७ च्या उन्हाळ्यात दिसलं. मुंबई विद्यापीठाने ऐनवेळी ठरवलं की सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या. लाखो उत्तरपत्रिका. शिक्षकांना सवय नाही, यंत्रणा अडखळते, पुरवण्या एकीकडे आणि मूळ पेपर दुसरीकडे. कायदा सांगतो निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. इथे पावसाळा संपत आला तरी निकाल पूर्ण होईनात. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. बाहेरगावी प्रवेश मिळालेल्या मुलांची तोवर व्हायची ती हानी झाली होती.

त्या वेळी जुना कायदा गेलेला आणि नव्याचे निवडणूक नियम यायचे होते. म्हणजे विद्यार्थ्यांनी मत देऊन निवडलेली परिषद नव्हती. संघटनांनी मोर्चे काढले, घोषणा दिल्या, त्यांचं श्रेय त्यांना. पण ते सगळं पेपर अडकल्यानंतर. निर्णय होतानाच कुणी विद्यार्थ्याने "आधी एका शाखेवर करून बघूया का?" एवढं विचारलं असतं तर सगळं टळलं असतं, असा माझा दावा नाही. विचारायला कोणी तिथे नव्हतं, एवढंच मला ठाऊक आहे.

मग परिषद नसताना भाचीने करायचं काय?

एक दार उघडं आहे आणि ते फार कमी जण वापरतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. तक्रार आल्यापासून शक्यतो १५ कामाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. तक्रारीत काय बसतं तेही लिहिलंय: माहितीपत्रकापेक्षा जास्त पैसे मागणं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, परीक्षा किंवा निकालाला उशीर, आणि माहितीपत्रकात कबूल केलेल्या सोयी न देणं.

हे शेवटचं वाचून मी भाचीला फोन केला. "प्रॉस्पेक्टस आहे का गो तुझ्याकडे?"

होतं. ते दप्तरात न ठेवता तिच्या आईने फडताळात कागद अंथरायला घेतलं होतं. तिने डबे उचलून ते काढलं, तेलाचा एक गोल डाग पडला होता. पान अकरावर छापलं होतं, 'सुसज्ज जिमखाना'. खाली कॅरम खेळणाऱ्या दोन मुलांचा फोटो.

अर्ज आम्ही मिळून लिहिला. पहिल्या खर्ड्यात तिने 'आमची लूट चालली आहे' असं लिहिलं होतं, ते काढायला लावलं. पावतीची प्रत, पान अकराची प्रत, आणि दोन साध्या विनंत्या: जिमखान्याची खोली कुठे आहे आणि ती किती वाजता उघडते ते सूचनाफलकावर लावावं, आणि मागच्या वर्षी या शीर्षाखाली जमलेला व खर्च झालेला पैसा कळवावा. दोन प्रती काढ, म्हटलं. एक दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको.

खिडकीवरचे काका आधी "ठेवून जा" म्हणाले. ती उभी राहिली. मागे बोनाफाइडवाल्यांची रांग वाढली. शेवटी काकांनी रजिस्टर ओढलं, शिक्का शाईत दोनदा दाबला. संध्याकाळी फोटो आला. शिक्का जरा तिरका बसलाय, पण आकडा वाचता येतो. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, पंधरा दिवसांत रविवार धरूचे की नाय?"

"कामाचे दिवस," मी कळवलं. "आणि मधी गणपती इले, ते पण धरू नको."